सोड म्हणणारं प्रथिन

टेबलावर लाकडी डस्टर आपटल्याचा आवाज आला, की समजायचं, आमच्या जीवशास्त्राच्या सरांचा तास रंगात आला. असे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. वसमतच्या त्या कॉलेजात मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचो. मधली भिंत हादरली की माझी पोरं हसायची आणि मीही हसू दाबायचो. आता ती भिंत हादरत नाही.

कॅन्सर शिकवायची त्यांची रीत म्हणजे मारामारीच. धडधाकट पोरं कोपरात कोपर अडकवून उभी करायचे. "तुमी पेशी. धरून ठेवा एकमेकाला!" मग लांबून पळत येऊन त्या साखळीवर धडक द्यायचे. साखळी तुटायची नाही, सरांचाच चष्मा उडायचा. घाम पुसत ते एकाच्या कानाशी वाकायचे आणि हळूच म्हणायचे, "सोड." त्यानं कोपर सोडलं रे सोडलं, की सर त्याला असा ढकलायचे की तो भिंतीवर आदळायचा. एकदा एकाचा ओठ फुटला.

"बघा, हा गेला रक्तातून फुफ्फुसात! काहून गेला? धक्क्यानं न्हाई. संप्रेरकासारखं एक प्रथिन आलं, पेशीला चिकटलं अन् म्हणलं, सोड. तिची पकड सुटली!"

नंतर त्याच पोराचा ओठ सरांनी स्वतःच्या रुमालानं पुसला आणि त्याला कँटीनमध्ये चहा पाजला. तक्रार घेऊन आलेल्या बापावर मात्र पुन्हा ओरडले.

या माणसाला घरातलं काहीच कळलं नाही. सरांच्या बायकोच्या, आमच्या वहिनींच्या, छातीत गाठ होती. जवळा बाजारच्या आठवडी बाजारातून गाठ विरघळवायची पूड आणून त्या गुपचूप खात होत्या. उघडकीला आलं तेव्हा कॅन्सर फुफ्फुसात पोचला होता. सरांनी भर बाजारात त्या पूडवाल्याची गचांडी धरली, त्याला जमिनीवर आपटलं आणि त्याच्या बरण्या त्याच्याच अंगावर फोडल्या. त्याचं तोंड रक्तानं भरलं. मी मागून कमरेला मिठी घालून ओढलं, तर सरांचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. खरं सांगतो, मला त्यांची भीती वाटली.

घरी येऊन ते वहिनींवर गरजले, "मला काहून सांगितलं न्हाई?"

"तुमी आरडता म्हणून," वहिनी म्हणाल्या.

सर त्यांच्याजवळ बसले आणि त्यांचं मनगट धरलं. त्यानंतर त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. दवाखान्यात, एसटीत, ओट्यावर, कुठंही असोत, वहिनींचं मनगट धरून असायचे.

वहिनी गेल्या. अंगणात तिरडी उचलायची वेळ झाली आणि सर मनगट सोडीनात. मेहुण्यांनी ओढलं. सरांनी एकाला लाथ घातली, दुसऱ्याच्या हाताचा कडकडून चावा घेतला. चौघं झोंबले. सदरा फाटला, तिरडी कलली, बायका किंचाळल्या, पण मूठ तशीच.

मग सगळे माझ्याकडे बघू लागले. मी खाली बसलो आणि सरांच्या कानाशी वाकलो. इतकं वाईट काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

"सर, सोडा," मी हळूच म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि एकेक बोट उघडलं.