धाकटीची मदत, थोरलीची कात्री

साथीत दोन्ही जावांची कामं बसली. थोरली घरात शिवणयंत्रावर कपडे शिवायची, धाकटीचं खालच्या मजल्यावर केस कापायचं पार्लर होतं. घर एक, चुली दोन. तोपर्यंत दोघींचं बरं जमत होतं.

मग सरकारने मदत जाहीर केली, पण ती नोंदणी असलेल्या दुकानांना. धाकटीची नोंदणी होती. थोरलीच्या शिवणाची नोंद कुठेच नव्हती.

त्या पैशातून पार्लरला नवा रंग लागला, आरसा आला. भिंतीत खिळे ठोकल्याचा आवाज जसजसा वर येई, तसतशी थोरलीच्या यंत्राची सुई वाकडी जाई. "मी दिवसभर मान मोडून शिवते ते काम नाही का?" ती नवऱ्यावर खेकसली. तो म्हणाला, "अगं, तिचं चांगलं झालं तर तुझं काय गेलं?" या प्रश्नाने तर तिचा तिळपापड झाला.

दुकानं उघडली तेव्हा धाकटीची मदतनीस गावाहून परतलीच नाही. एका सकाळी धाकटी वर आली.

"ताई, कामावर माणूस ठेवला तर काही महिने त्याचा पगार सरकार देतंय. तुम्ही याल का?"

"म्हणजे तुझ्या हाताखाली?"

"बाहेरची बाई शोधण्यापेक्षा म्हटलं..."

शिलाईचं काम येत नव्हतं. थोरली गेली. केर काढला, टॉवेल धुतले. एका गिऱ्हाइकाने धाकटीला विचारलं, "तुमची नवी बाई का?" थोरलीने वर येऊन भांडी आपटली.

एकदा गर्दीत धाकटीचा हात गुंतला होता. खुर्चीत एक निवृत्त शिक्षिका ताटकळल्या होत्या. थोरलीने कात्री उचलली. आयुष्यभर कापड सरळ कापलेला हात, केसही सरळ कापले गेले. बाईंनी आरशात मान वळवून पाहिलं. "पुढच्या वेळी माझे केस यांनाच कापू दे हं."

धाकटी हसली, पण बाटल्या उगाच पुसू लागली. ते तोंड थोरलीने ओळखलं. पार्लरला रंग लागला तेव्हा आपलंही असंच दिसलं असणार. तिला लाज वाटायला हवी होती. वाटली मात्र जिवाला गार करणारी मजा.

हळूहळू बायका थोरलीसाठी थांबू लागल्या. सरकारी पगाराची मुदत संपली, तेव्हा तिला वाटलं, आता नारळ मिळणार. धाकटी शटर ओढता ओढता म्हणाली, "जाऊ नका ताई. तुम्ही गेलात तर तुमच्यासाठी थांबणाऱ्या बायकाही जातील."

"मग पाटीवर माझंही नाव घाल. नोंदणीतसुद्धा."

धाकटी बराच वेळ कुलपाशी झटापट करत राहिली. "घालते. पण माझं वर."

आता दोघी शेजारी शेजारी काम करतात. बोलणं गोड, डबा एकत्र. फक्त दार वाजलं की दोघींची कात्री थांबते आणि आलेली बाई कुणाच्या खुर्चीकडे वळते, ते दोघी आरशातून बघतात.