घर म्हणून मोजलेली अंगणवाडी

माझं अक्षर बरं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीपर्यंतच शिकले. ही वही कोणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्या. दाखवायला लिहीत नाही. तोंडाने सांगायला गेले की माझं अर्धं आतच राहतं, म्हणून लिहिते.

मी आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. झाडायचं, पाणी भरायचं, खिचडी शिजवायची, मुलांना घरून आणायचं. शिकवायला सेविका बाई आहेत. त्या सडकेवरच्या मोठ्या गावातून स्कूटीवर येतात. आमचं गाव आत जंगलात, नदीच्या काठाला. गडचिरोलीची बस सडकेवर थांबते, तिथून पायी यावं लागतं.

अंगणवाडीची सरकारी इमारत मंजूर झाली होती. ठेकेदार एकदा रेतीचा ट्रॅक्टर टाकून गेला. पुढे त्या रेतीवर गवत उगवलं. मग गावाने स्वतःच बांधायचं ठरवलं. आमच्याकडे गोटूल, म्हणजे गावाचं सामायिक बैठकीचं घर, घरटी एक माणूस देऊन बांधतात. तसंच हे. जागा आमच्या घराशेजारची, आमचीच होती. सासऱ्यांनी तोंडी दिली. कागद कोणी केला नाही.

बांधायचं काम एका म्हाताऱ्या बाबाकडे होतं. धान ठेवायच्या बांबूच्या ढोल्या विणण्यात त्याचा हात गावात पहिला. त्याने नकाशा काढला नाही. शेजारची तीन वर्षांची पोरगी आणली, तिला जमिनीवर बसवलं आणि बाजूला एक काठी उभी धरली. तिचा डोळा आला तिथे कोयत्याने खूण केली. "खिडकी इथी." मग तिला उभं केलं, गुडघ्याशी खूण केली. "ओटा इथी." हात वर करायला लावला. "खुंटी इथी."

लोक बसून पाहत होते. एक जण म्हणाला, "बाबा, पोरगी वाढन तं घरबी वाढवशीन का?"

"ते वाढन तं दुसरी येईन," बाबा म्हणाला. "गावातल्या तीन सालाच्या पोरी कधी सरतेत का?"

त्या एका काठीवर सगळी अंगणवाडी उभी राहिली. बांबूच्या कुडाच्या भिंती, त्यावर माती, वर कवेलू, म्हणजे कौलं. भिंतीचे कोपरे गोल, कोणाचं कपाळ फुटू नये म्हणून. दार इतकं बुटकं की मोठ्या माणसाला वाकावं लागतं. सेविका बाई पहिल्या आठवड्यात तीनदा डोकं आपटून घेऊन म्हणाल्या, "हे मुलांसाठी आहे की माझ्यावर राग आहे?" खिडक्या जमिनीपासून हातभर उंचीवर होत्या. मुलं बसल्या जागेवरून नदी पाहायची. खिडकीखाली उतार, उताराखाली डोह. त्या डोहात आमचं गाव मासे मारत नाही. देवाचे म्हणून ठेवलेले आहेत, आणि तिथलीच पिल्लं पुढे सगळ्या नदीत पसरतात असं जुने लोक सांगतात. मुलं ताटातली शितं तिथे नेऊन टाकायची. मासे वर यायचे. मुलं तेवढ्यासाठी जेवायची.

पर्यवेक्षिका मॅडम आल्या, वाकून आत गेल्या, चांगलं आहे म्हणाल्या. पण कवेलू, माती आणि ही उंची नमुन्यात बसत नाही, म्हणून बोर्ड मिळाला नाही. रजिस्टरमध्ये इमारतीपुढे 'नाही' असंच राहिलं.

मग धरणाचं सुरू झालं. नदीच्या खालच्या अंगाला बांधणार, पाणी मागे आमच्या गावापर्यंत चढणार, कालवा गोंडपिपरीच्या बाजूला जाणार. आमच्या ग्रामसभेने ठराव केला की नदी वाहती राहिली पाहिजे, आणि कोणी मोबदला घ्यायचा नाही. मी बायकांच्या मागे बसून हात वर केला होता.

मोजणीवाले उन्हाळ्यात आले. मोजू द्या, पैसे घेऊ नका, असं ठरलं होतं. मुलं घरी गेली होती, मी भांडी घासत होते. माझा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, त्यांच्यासोबत होता. टेपचं एक टोक धरून तो मागच्या भिंतीशी गेला. आमच्याकडे भासऱ्यासमोर बोलत नाहीत, त्याच्या कानावर आवाजही जाऊ देत नाहीत. मी पदर ओढून उभी राहिले.

साहेबाने आत डोकावून पाहिलं. चूल, भांडी, दोरीवर माझं ओलं लुगडं, ओट्यावर आमच्या कोंबड्या. बोर्ड कुठे नव्हता. त्याने विचारलं, "तुमीच राहता का इथं?"

मी दिवसभर तिथेच राहत होते. मान हलवली. अंगणवाडी आहे एवढा एक शब्द बोलायचा होता. भिंतीमागे भासरा उभा होता. तो शब्द मी बोलले नाही.

त्याने कागद पुढे केले. मी सही केली. मला वाचता येतं. वाचलं नाही. पासबुकाची झेरॉक्स मागितली, तीही दिली. अंगणवाडीत कोणताही साहेब आला की आधारची आणि पासबुकाची झेरॉक्स द्यायची, ही आम्हा मदतनिसांची सवय आहे. पेटीत पाच-सहा काढूनच ठेवलेल्या असतात. कशासाठी म्हणून कोणी विचारत नाही. मागून भासरा आला तो दुसऱ्या घराकडे निघून गेला. त्याला वाटलं अंगणवाडी म्हणून मोजली.

पावसाळा गेल्यावर माझ्या खात्यात पैसे आले. आमचं मानधन महिनोन्‌महिने थांबतं आणि मग एकदम पडतं. नवऱ्याने पासबुक पाहिलं आणि म्हणाला, "लय दिसून राह्यले."

मी म्हटलं, "थकबाकी असन. वाढीव बी देणार होते म्हणत."

"मंग देत असन. सरकारचं का, देते तं देते, नाई तं नाई."

मुलीला गडचिरोलीला नर्सिंगला घातलं होतं. तिची फी भरली, होस्टेलचे भरले. उरलेल्याचा एक बैल घेतला, कारण आमचा एक मेला होता. खात्यात थोडे राहिले.

नंतर ग्रामपंचायतीत यादी लागली. मोबदल्याचा पहिला हप्ता स्वीकारलेली कुटुंबं. आमच्या गावाच्या नावाखाली एकच नाव होतं, माझं. पुढे लिहिलं होतं, राहते घर, माती व कवेलू. सेविका बाईंनी ते मला वाचून दाखवलं आणि मग माझ्याकडे पाहत राहिल्या. मी त्यांना विचारलं, आज डाळ किती घालायची.

ग्रामसभेत भासऱ्याने विचारायला लावलं. स्वतः माझ्याशी बोलायचं नाही, म्हणून नवऱ्याला म्हणाला, "विचार तिले, तिनं सही काऊन केली."

नवरा म्हणाला, "भाऊ, तूच होता ना तिथी."

"मी टेप धरून होतो. मले का दिसत होतं भिंतीतून?"

कोणी तरी हसलं. एक बाई म्हणाली, "पोरायची शाळा विकून बैल घेतला व माय." दुसरी म्हणाली, "बैलाले तरी बसवा अंगणवाडीत, पटावर नाव येईन." मग भासऱ्याने सगळ्यांना समजावून सांगितलं की धरणाचं ऑफिस आता वर कळवतं आहे, या गावाने पैसे घ्यायला सुरुवात केली आहे, विरोध राहिला नाही. पुढच्या सुनावणीत ठरावाला जोडून दाखवायचं असेल की कोणी पैसा घेतलेला नाही, तर माझे पैसे पूर्ण परत गेल्याची पावती लागेल. थोडे परत गेले तर चालणार नाही. एका घराने घेतले म्हणजे घेतले.

सगळे उठल्यावर बाबा जवळ आला. म्हणाला, "चूक तुई नाई, बाई. माई आहे. मी घरासारखं बांधलं." मग तो जोडे शोधायला लागला. त्याला एकच सापडला, तो तसाच गेला.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना आणायला गेले तर दारं लोटलेली होती. अंगणवाडीत दोन मुलं आली. मी रोजच्याइतकी खिचडी शिजवली आणि रोज ती उरली. किती दिवस असं चाललं ते मोजलं नाही. रडू आलं नाही. रात्री झोप लागायची. सकाळी उठून सारवायचं, चूल पेटवायची, बसायचं. हातांना काम ठाऊक होतं, बाकीची मी कुठे होते ते मला सांगता येत नाही.

बैल विकला. घेतला त्यापेक्षा कमीला गेला. मुलीची फी परत मिळणार नव्हती. म्हणून मी माहेरी गेले. माझं माहेर गोंडपिपरीकडे आहे, दोन बस बदलून. भावाची कापूस-सोयाबीनची शेती, थोडं धान. त्याने शेळी विकली होती, त्याच्याकडे पैसे होते. वहिनीने जेवायला वाढलं. जेवून झाल्यावर मी सांगितलं.

भावाने सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाला, "दुसऱ्या कशाले बी माग. पोरीच्या लग्नाले माग, दवाखान्याले माग."

"मले याच्यासाठीच पायजे."

"तू पैसे परत करशीन तं तुमच्या गावचा ठराव पक्का होईन. मंग कॅनॉल इकडं कसा येईन? माया धानाले एक पाणी कमी पडते दर साली, तुले माहीत नाई का? तू इथीच वाढली."

मला माहीत होतं. लहानपणी धान पोटरीत, लोंबी बाहेर पडायच्या आधीच, वाळताना मी पाहिलं होतं.

"आमचं गाव बुडते," मी म्हटलं.

"तुमाले दुसरी जागा भेटते. मले पाणी भेटत नाई." मग म्हणाला, "देवाचे मासे मोठे का सख्ख्या भावाचं धान मोठं, सांग."

वहिनी म्हणाली, "आताच तं तुमच्या घरचं धान खाऊन बसली ते, तिले का विचारता." तो उठून बाहेर गेला. त्याच्यावर मला राग आला नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही दिले नसते. सकाळी वहिनीने पिशवीत वांगी आणि तांदूळ दिला, भावाने बसस्टॉपपर्यंत सोडलं. बस येईपर्यंत आम्ही कापसाच्या भावाविषयी बोललो.

मग तेंदूपत्ता. पहाटे जंगलात जायचं, पानं तोडायची, दुपारी पुडे बांधायचे. मी आणि नवरा दोघं जायचो, आणि अंगणवाडीच्या वेळेला मी परत यायचे. फळीवर, म्हणजे पानं मोजून घेतात तिथे, मजुरी मिळायची ती तशीच बाजूला. बोनस उशिरा आला, तोही ठेवला. मोहफुलं वेचली. मुलीने दिवाळीला घरी येणं टाळलं, बसभाडं वाचवलं, आणि शिष्यवृत्ती आल्यावर ती पूर्ण पाठवून दिली. दुसऱ्या तेंदूच्या हंगामात बाबा आमच्या फळीवर आला आणि म्हणाला, माझेबी पुडे हिच्या नावावर लिहा. मी नाही म्हटलं. फळीवर सगळ्यांसमोर मी मोठ्याने बोलले ते तेवढंच. तो रागावला आणि पुडे घेऊन दूर जाऊन बसला.

मुलं हळूहळू परत आली होती. कोणी बोलावलं नाही. आयांना धानाच्या रोवणीला जायचं होतं, मुलांना कुठे तरी ठेवावं लागतंच. शाळा विकून बैल घेतला म्हणणारी बाई सगळ्यात आधी आली. मुलगा माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "सकाळपासून खाल्लं नाई यानं." मी त्याला घेतलं.

पैसे जमले तेव्हा आम्ही गडचिरोलीला गेलो. धरणाच्या ऑफिसातला बाबू म्हणाला, "पैसे द्यायचा फॉर्म आहे, घ्यायचा नाही. आजवर कोणी परत आणलेच नाहीत." त्याने दुसऱ्या टेबलावर पाठवलं. तिथून साहेबाकडे. साहेब दौऱ्यावर होते. आम्ही बसस्टँडवर केळी खाल्ली आणि परत आलो.

दुसऱ्या वेळी सेविका बाईंनी अर्ज लिहून दिला. साहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, "तुम्ही घर मान्य करून सही केली होती." मी म्हटलं, ते घर नाही, अंगणवाडी आहे. ते म्हणाले, अंगणवाडी तर रेकॉर्डला नाही. मी पुन्हा तेच म्हटलं. नवरा माझ्याकडे पाहत होता. साहेबांनी अर्जावर काही तरी लिहिलं आणि डिमांड ड्राफ्ट काढून आणा म्हणाले.

बँकेत गेलो. ड्राफ्ट काढायला वेगळा खर्च येतो हे आम्हाला माहीत नव्हतं. नवऱ्याने येण्याजाण्याच्या पैशातून तो भरला. ऑफिसला परत आलो तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. बाहेर बाकावर बसलो. माझे पाय दुखत होते, बाकी काही वाटत नव्हतं. धरण होणार की नाही ते तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, अजूनही नाही.

सुट्टी संपल्यावर बाबूने ड्राफ्ट घेतला, नाव तपासलं, आकडा यादीतल्या आकड्याशी दोनदा जुळवला. पावती लिहिली, शिक्का मारला.

"पूर्ण आले," तो म्हणाला. "आता तुमच्या नावावर काही नाही."

मी पावती घेतली, नवऱ्याकडे दिली, आणि आम्ही सडकेच्या बसला निघालो.