बुटकीची शीळ

माझा मामा सरोवर खात्याचा नावाडी. पस्तीस वर्षं त्याने एकच काम केलं. चार तास पाणी कापत मधल्या बेटावर जायचं, तिथल्या खोपटात सामान टाकायचं आणि पक्षी मोजायचे. मोजायचे म्हणजे शीळ घालायची. ठरलेल्या बारा जागी उभं राहून पक्ष्याच्या आवाजात हाक द्यायची आणि किती उत्तरं आली ते वहीत लिहायचं. घरी मात्र हा माणूस मूग गिळून बसलेला. मामी म्हणायची, "सगळं बोलणं तिकडे पाखरांशी संपवून येतो. माझ्या वाट्याला नुसते चिखलाचे बूट."

तो पक्षी त्या बेटाशिवाय कुठेच नव्हता. आम्ही त्याला बुटकी म्हणायचो. कोण जाणे किती काळापूर्वी तिचे पूर्वज उडत आले असतील, पण बेटावर त्यांना खाणारं कोणीच नव्हतं, त्यामुळे उडायची गरज संपली आणि पिढ्यानपिढ्या पंख आखडत गेले. अंडी सरळ जमिनीवर घालायची. भीती कशाशी खातात हे तिला माहीतच नव्हतं. मामा डबा उघडून बसला की त्याच्या बुटाची नाडी ओढायची. सगळं बेटच तसं भोळं. आमच्या काठावर ज्या झुडपाने माझे फ्रॉक फाडले, त्यालाच तिथे काटे नाहीत, कारण पाला खाणारं जनावर नाही. किडेसुद्धा चालणारे, जे उडत होते ते वाऱ्याने पाण्यात नेऊन टाकले.

म्हणून खात्याचा एक नियम होता. बेटावर जाणारं प्रत्येक पोतं धक्क्यावर पांढऱ्या चादरीवर पूर्ण रिकामं करायचं, झटकायचं, पुन्हा भरायचं आणि मगच होडीत चढवायचं. मामा हे डोळ्यांत तेल घालून करायचा. फक्त एका दिवशी त्याने पाचांपैकी चारच पोती झटकली. त्याच्या बहिणीचे, म्हणजे माझ्या आईचे, दिवस भरले होते. बाबा परगावी होते आणि संध्याकाळच्या आत परतून तिला दवाखान्यात न्यायचं होतं. बेटावर पाचवं पोतं उतरवताना त्याला कोपऱ्यात कुरतडलेलं भोक दिसलं. आत काही नव्हतं. जे होतं ते आधीच उतरून गेलं होतं.

त्या रात्री मी जन्मले. दुसऱ्या दिवशी मामाने वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं: "पाचवं पोतं झटकलं नाही." साहेबांनी वाचलं, सही केली, वही मिटली. कोणी रागावलंसुद्धा नाही. कोणी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं मामी म्हणते. हे मला तिनेच सांगितलं, मी विशीत असताना. मामाने कधीच नाही. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला तो यायचा, डोक्यावर हात ठेवायचा आणि गोडाला न थांबता निघून जायचा. मी त्याला घुम्या म्हणून चिडवायचे. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

पोत्यातून उतरलेले उंदीर वाढले आणि अंड्यांवर पडले. बुटकी पळालीच नाही, कारण पळायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. मामाने सापळे लावले, पण एक उंदीर धरावा तर दहा जन्मायचे. वहीतले आकडे दोनशेवरून चाळीस झाले, मग सहा, मग एक. शेवटचं उत्तर सहा वर्षांपूर्वीचं. त्याच सुमारास मामाचे कान हळूहळू गेले. बोललेलं ऐकू यायचं, पण वरच्या पट्टीतलं सगळं बंद. गेली दोन वर्षं त्याने वहीत शून्य लिहिलं नाही. "ऐकू आलं नाही" असं लिहिलं. यंदा खात्याने कळवलं: मामाची निवृत्ती आहे, शेवटची मोजणी ऐकणाऱ्या माणसाकडून करून घ्या, एक जरी उत्तर आलं तर सापळे आणि होडी चालू राहतील, नाहीतर बेट बंद.

मामा माझ्याकडे आला. उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, "चार दिवस तुझे कान दे मला."

बेटावर पाऊल टाकलं आणि मला परत फिरावंसं वाटलं. वाटेवर छातीइतक्या उंचीवर कोळ्यांची जाळी. त्यांना खाणारं कोणी उरलं नव्हतं. झाडांखाली फळांचा सडा कुजत होता. ती बुटकीच खायची आणि तिच्या विष्ठेतूनच बी रुजायचं. म्हातारी झाडं उभी होती आणि त्यांच्या खाली एकही रोप नव्हतं.

मामा शीळ घालायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. बुटकीची शीळ चार सुरांची: तीन चढते आणि शेवटचा घसरत खाली येणारा. तो चौथा मामाला कधी जमला नाही. पुढच्या दातांत फट आहे. बुटक्यांचं तेवढ्यावर भागायचं. सहा जागा झाल्या. मी सहा वेळा मान हलवली.

सातवी जागा खोपटामागे. मामाने शीळ घातली आणि उत्तर आलं. स्वच्छ, अगदी जवळून. माझा हात आपोआप वर गेला. मामा म्हणाला, "कुठून?"

मी वर पाहिलं. खोपटाच्या वळचणीला साळुंकी बसली होती. तिने पुन्हा तसाच आवाज काढला, माझ्या डोळ्यांदेखत.

खोटं बोलायचं माझ्या अगदी ओठांवर होतं. होडी चालू राहिली असती आणि मामा सुखाने घरी बसला असता. पण ज्याने पाचवं पोतं स्वतःहून लिहिलं, त्याच्या वहीत मी खोटा आकडा कसा मांडू? म्हटलं, "साळुंकी आहे मामा. नक्कल करतेय."

"माझीच उचलली असेल," तो म्हणाला. मग जरा हसला. "कशी करते? खालच्या पट्टीत गुणगुणून दाखव बघू."

मी दाखवलं. तीन चढते आणि एक घसरत खाली येणारा.

"पुन्हा."

मी पुन्हा गुणगुणले. त्याचा चेहरा बघता बघता उतरला. चौथा सूर साळुंकीने त्याच्याकडून घेतलेला नव्हता. तो तिने बुटकीच्या तोंडूनच ऐकला होता.

"साळुंक्या इथे येऊन दोनच वर्षं झालीत," तो म्हणाला. "मीच नोंद केलीय. म्हणजे तोवर बुटकी होती. मी इथे उभा राहून हाका मारत होतो आणि ती उत्तर देत होती. आणि मी वही मिटून निघून यायचो."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्याने झटकला नाही.

उरलेल्या पाच जागी आम्ही अर्धा-अर्धा तास थांबलो. उरलेले तीन दिवस बाराही जागा पुन्हा फिरलो. वाऱ्याखेरीज काही नाही. "लिही," तो म्हणाला, आणि मी शून्य लिहिलं.

परतताना सुकाणू माझ्या हातात देऊन मामा बेटाकडे तोंड करून बसला. होडी निघाली तशी त्याने शीळ घातली. थांबला. पुन्हा घातली. या वेळी त्याने माझ्याकडे वळून पाहिलं नाही. उत्तर आलं की नाही ते इंजिनाच्या आवाजात मलाही कळलं नाही, आणि इंजिन बंद करायचा धीर मला झाला नाही.