बिरड्याची चव
मोड आलेल्या वालांचा तो उग्र वास आला की मला बनशंकरीतलं सासरचं स्वयंपाकघर आठवतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी सासूबाईंसोबत बिरड्यासाठी वाल सोलत बसले होते. एक दाणा चिमटीत दाबला, तर सालातून पांढरी, लठ्ठ अळी बाहेर आली. शी! मी किंचाळलेच. सासूबाईंनी अळी नखानं उडवली आणि तोच दाणा पातेल्यात टाकला. “स्वल्प किडलेत गं. उकळले की सरी होतात, ठीक होतात,” त्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या. दुपारी सगळे बोटं चाटत होते, मी घास न चावता गिळला. आता बिरडं मीच करते, किडका दाणा दिसला की फेकते. नवरा अजून म्हणतो, “आईच्या बिरड्याची चव याला येत नाही.” कशी येणार?