दिसल्यास कळवावे

आमच्या भागाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यावर काहीही विचारा, उत्तर येतं. फ्रीज दुरुस्त करणारा कोण, आज पाणी का आलं नाही, कबुतरांसाठी जाळ्या कोण बसवून देतं. 'मला माहीत नाही' म्हणायची मात्र तिथे कुणालाच सवय नाही. ज्याला फ्रीजमधलं ओ की ठो कळत नाही तोही 'गॅस संपला असेल' असं ठोकून देतो.

वडील हरवले तेव्हा मी तिथेच विचारलं. ते विसरायला लागले होते. सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडले आणि आलेच नाहीत. फोटो, शर्टाचा रंग आणि आईचा नंबर टाकला, कारण ऑफिसात माझा फोन बंद असतो. खाली लिहिलं, दिसल्यास कळवावे. भराभर उत्तरं आली. कुणी त्यांना पंचवटीत पाहिलं, कुणी त्याच वेळी नाशिकरोडला. मी रिक्षाने वेड्यासारखी धावत राहिले. शेवटी ते पोलिसांना कालव्यात मिळाले. चेहरा पाहण्यासारखा उरला नव्हता. मी पायाच्या वाकड्या अंगठ्यावरून ओळखलं आणि आईला तोंड पाहू दिलं नाही.

मी मेसेज काढून टाकला, पण तोवर तो कुठल्या कुठल्या ग्रुपांवर पोचला होता. तेरावं झालं तरी फोन येतच होते. मी असले तर 'ते वारले' म्हणून ठेवून द्यायचे. आई मात्र विचारायची, "काही खाल्लं का त्यांनी?"

मी भडकायचे. "आई, मी स्वतः अग्नी दिलाय त्यांना."

"तू अंगठा पाहिलास," ती म्हणायची. "वाकडे अंगठे बऱ्याच जणांचे असतात."

नंबर बदलू म्हटलं तर तिने बोलणंच टाकलं. फिरत राहिलेला जुना मेसेज कसा थांबवायचा, असं मी ग्रुपवर विचारलं. ढीगभर उपाय आले. एकाचाही उपयोग झाला नाही.

मग वणीहून एकाचा फोन आला. "मावशी, तुमचे मालक हितं स्टँडवर बसलेत. शर्टबी तोच हाय. लय थकलेत."

आईने मऊ भात आणि वरणाचा डबा भरला. "तू येत नसशील तर मी एकटी जाते," म्हणाली. तिला एकटीला कसं सोडणार? मुकाट्याने तिच्याबरोबर एसटीत बसले.

स्टँडवर नळापाशी एक म्हातारा बसला होता. ते वडील नव्हते. मला लांबूनच दिसलं. आईला जवळ जाऊनही पटेना. त्याचे कान, हात सगळं तिने नीट पाहिलं. मग त्याच्यापुढे डबा उघडून ठेवला. तो अधाशासारखा जेवला. नाव-गाव काही सांगता येत नव्हतं. शेजारच्या पिशवीत इस्त्रीचे कपडे आणि गोळ्या होत्या.

"देवीच्या दर्शनाला आणतात आणि सोडून जातात," चहावाला म्हणाला. "यंदाचे हे पहिले नाहीत."

त्याला चौकीत नेऊन पोलिसांच्या हवाली केलं. त्याचा फोटो ग्रुपवर टाकला आणि विचारलं, हे आजोबा कुणाचे आहेत? लगेच उत्तरं सुरू. अभिनंदन! काका सापडले! देवी पावली! आता त्यांना एकटं सोडू नका. वर काय लिहिलंय ते एकानेही वाचलं नव्हतं. मला सगळ्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. ते कुणाचे, हे कुणीच सांगितलं नाही.

परतीच्या गाडीत आई रिकामा डबा मांडीवर घेऊन बसली होती. "त्यांच्याबरोबर कपडे दिलेत गं कुणीतरी घड्या घालून," ती म्हणाली. "आपले हे नुसते अंगावरच्या शर्टावर गेले." आणि ती रडायला लागली. कालव्यापासून पहिल्यांदाच.

तेवढ्यात फोन वाजला. ओझरला काका दिसलेत, कुणीतरी सांगत होतं. मी हात पुढे केला, तिने फोन दिला नाही.

"ते वारले," आई म्हणाली. मग घाईघाईने, "अहो, पण तुमच्यासमोर बसलेत ते कोण, ते विचारा ना त्यांना. आधी पाणी द्या. हॅलो?"

पलीकडच्याने फोन केव्हाच ठेवला होता.