बंद पडलेल्या स्पर्धेचा इतिहास

पुण्यात असताना मी एका क्लबकडून रग्बी खेळायचे. आमची कॅप्टन लग्न होऊन म्हैसूरला आली आणि काही वर्षांनी नोकरीसाठी मीही इथे, म्हैसूरच्याच हेब्बाळ भागात आले. आम्ही खेळायचो तेव्हा आशियातल्या महिला क्लबांची एक स्पर्धा भरायची, दरवर्षी वेगळ्या देशात. आम्ही एकदा उपांत्य फेरीपर्यंत पोहोचलो होतो. पुढे आयोजक पांगले, स्पर्धा बंद पडली, वेबसाइटही गेली. कोण जिंकलं, कोण हरलं, याची नोंदच उरली नाही.

गेल्या वर्षी कॅप्टनने ठरवलं, हा इतिहास आपणच लिहायचा. दर रविवारी मी चामराजपुरमला तिच्या घरी जायचे आणि ती जुन्या खेळाडूंना फोन लावायची. दोघींनी दोन स्कोअर सांगितले तर तिसरीला गाठायची. तरीही जुळलं नाही तर दोन्ही वहीत लिहून ठेवायची. कोलंबोच्या एकीचा ठावठिकाणा काढायला तिला दोन महिने लागले. एवढी चिकाटी मी पगार घेऊनही कधी दाखवलेली नाही.

मग आमच्या उपांत्य सामन्याचं पान आलं. शेवटचं मिनिट होतं, आम्ही चार गुणांनी मागे. ट्रायचे, म्हणजे रेषेपार चेंडू टेकवण्याचे, पाच मिळतात. मी चेंडू घेऊन रेषेपार गेले होते, तो फक्त जमिनीला टेकवायचा होता. आणि तो हातातून निसटला.

"ते नको लिहूस," मी म्हणाले. "'थोडक्यात हरलो' एवढं पुरे."

तिच्या सासूबाई खिडकीशी बसून ब्लाउजला हुक लावत होत्या. त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं. "सुम्ने कशाला लपवतीस गं?" त्या म्हणाल्या. सुम्ने म्हणजे उगाच. "सुटला तर सुटला, अल्वा? हो की नाही?"

कॅप्टनने त्या सामन्यात आमच्याविरुद्ध खेळलेल्या एकीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

शेवटच्या मिनिटाचं विचारताच पलीकडची बाई इंग्रजीत भडाभडा बोलू लागली. आमच्या विंगरने, म्हणजे मी, अर्ध्या मैदानातून चेंडू पळवला होता, तिघींना चकवलं होतं. "त्यातली तिसरी मी," ती हसत म्हणाली. "माझ्या हाती नुसता वारा लागला." चेंडू सुटल्याचंही तिने सांगितलं, पण अगदी शेवटी.

त्या तिघींना मी पार विसरले होते. इतकी वर्षं मला फक्त ते निसटणं आठवत होतं.

फोन ठेवून कॅप्टनने वही माझ्यापुढे सरकवली. "हे पान तू लिही. सगळं लिही."

लिहिलं. पळणं, चकवणं, निसटणं. खाली एक ओळ टाकली, 'माझ्यामुळे हरलो.'

तिने वाचलं आणि तेवढी ओळ खोडली. "हे खरं नाही. पहिल्या हाफात आपण सगळ्यांनीच माती खाल्ली होती."

मग पान उलटून ती त्यापुढच्या वर्षीच्या विजेत्या संघातल्या बाईंना फोन लावू लागली.