भिंतीवरची वयं

आमच्या घराण्याला एकाच गोष्टीचा गर्व, आणि तीसुद्धा कोणी कमावलेली नाही. दिंडोरीच्या घरात पुढच्या खोलीत चंदनी हार घातलेले पाच फोटो आहेत आणि प्रत्येकाखाली वय लिहिलंय. एकही नव्वदीच्या आतलं नाही. पाहुणा आला की माझे थोरले काका, ज्यांना घरात सगळे आबा म्हणतात, त्याला चहाआधी ती भिंत दाखवतात. स्वतः अठ्ठ्याऐंशीचे, गालात तंबाखू, आणि वाक्य ठरलेलं, "आपल्यात नव्वदीच्या आत कोणी जात नाय." जसं काही यम यांना विचारून येतो. सोयरीक जुळवतानाही मुलाच्या शिक्षणाआधी पणजोबांचं वय सांगतात.

द्राक्षांच्या छाटणीत माझ्या भावाच्या छातीत दुखायला लागलं. आबांनी लगेच निदान केलं, "पित्त हाय, सोडा पी." आठ दिवस सोडा पिऊन तो चार पायऱ्यांत धापा टाकायला लागला, तेव्हा मी सासरहून आले आणि त्याला गाडीत घालून नाशिकला नेलं. आबा न बोलावता पुढच्या सीटवर येऊन बसले. आई मागे भावाजवळ.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणाला हृदयाचा त्रास?"

"आमच्या घराण्यात? नाव नका काढू," म्हणत आबांनी पाचही वयं पाठ म्हणून दाखवली. डॉक्टरांनी 'नाही' लिहिलं.

आईचे वडील मनमाडला रेल्वेत होते. सेहेचाळीसाव्या वर्षी ड्युटीवरच छाती धरून खाली बसले ते उठलेच नाहीत. तिचे दोन्ही भाऊ पन्नाशी बघू शकले नाहीत. आमच्या भिंतीवर त्यांना जागा नाही, कारण ते दुसऱ्या कुळातले. बाई लग्नात माहेरचं रक्त उंबऱ्याबाहेर काढून ठेवते, असा आमच्या शहाण्यांचा समज आहे.

"माझे वडील आणि दोघं भाऊ यानंच गेले," आई म्हणाली.

"ते तुझं माहेर. त्याचा इथं काय संबंध?" आबा खेकसले.

आयुष्यात पहिल्यांदा तिने त्यांना उलट उत्तर दिलं. "आबा, पोरगं काय एकट्या तुमच्या घराण्याचं हाय?"

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं. त्याच दिवशी तपासणी झाली. दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद होत्या. भाऊ वाचला.

दुसऱ्या दिवशी आबा त्याच्या खाटेजवळ उभे राहून नर्सला सांगत होते, "वाचणारच ना. रक्त आमचं हाय." लाज कशाशी खातात हे त्यांना अजून कळलेलं नाही. मला त्यांची किळस आली.

घरी परतताना मला माझाच एक फॉर्म आठवला. दोन वर्षांपूर्वी मी स्वतःची तपासणी करून घेतली होती. आबा तेव्हा सोबत नव्हते, कोणी दटावायला नव्हतं. त्याच प्रश्नापुढे मी बिनदिक्कत 'नाही' लिहिलं होतं. आई शेजारीच बसली होती, माझी पर्स सांभाळत.